करंटची परतीची वाट

आधी एक सांगते, शेजारच्या गाळ्यातले दादा खोटं बोलत नाहीयेत. तुझी टिग पेटली की त्यांच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावरचे आकडे नाचतात, हे खरोखर घडतं. तू चिडलीस ते मला कळतं. आयटीआय करून, कर्ज काढून, शिरोलीसारख्या ठिकाणी स्वतःच्या नावावर गाळा घ्यायचा आणि लगेच तक्रार ऐकायची, म्हणजे जिवाला लागणारच. त्यात पोरीनं वेल्डिंगचं दुकान टाकलं म्हणून आधीच दहा जणांच्या भुवया वर गेलेल्या. पण अगं, या तक्रारीत तुझ्याविरुद्ध काही नाही. तुझं मशीन तुला जे सांगू शकत नाही, ते त्यांच्या काट्यानं सांगितलंय, असं समज आणि शांतपणे ऐक.

मला जे सांगायचंय ते थोडक्यात आधीच सांगते. वेल्डिंगचा करंट मशीनमधून निघतो आणि मशीनमध्येच परत येतो. त्याची जायची वाट आपण डोळ्यांत तेल घालून जपतो. होल्डर चांगला घेतो, टॉर्च पुसून ठेवतो. परतीच्या वाटेकडे मात्र कुणी बघत नाही. केबलच्या टोकाचा लग तापणं, आर्क तुटणं, ग्राइंडरची वायर जळणं आणि शेजाऱ्याचा काटा नाचणं, यातलं बरंचसं त्या दुर्लक्षित वाटेवर घडतं. पाटाचा बांध नीट घातला नाही की पाणी मिळेल त्या फटीतून झिरपतं, तसाच करंट मिळेल त्या लोखंडातून परत येतो. म्हणून मशीनची देखभाल आणि आजूबाजूला होणारा विद्युत त्रास कमी करणं ही मला दोन वेगळी कामं वाटतच नाहीत. एक नीट केलंस की दुसरं निम्मं होऊन जातं.

आता काटा का नाचतो ते समजून घे. टिगमध्ये टंगस्टन जॉबला न टेकवता आर्क पेटवायची असते. मधल्या हवेतून करंटला रस्ता करून द्यायला मशीन क्षणभर काही हजार व्होल्टची, फार वेगानं उलटसुलट होणारी ठिणगी सोडतं. आपण तिला नुसतं एचएफ म्हणतो. अशी ठिणगी ही मुळात रेडिओचा ट्रान्समीटर असते. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८०च्या दशकात ठिणग्यांमधूनच विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात ठिणगीतून उठलेल्या लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली, आणि मधल्या भिंतींनी त्या लहरींना अडवलं नाही. तुझ्या गाळ्याची भिंत तरी कशी अडवेल? काट्यातला लोडसेल फार बारीक सिग्नल देतो, काही मिलिव्होल्टचा. त्यात तुझ्या ठिणगीची कुजबुज मिसळली की काटा गोंधळतो.

एचएफ बंद असतानाही इन्व्हर्टर मशीन अगदी मुकं नसतं. जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन ५० हर्ट्झवर घुमत राहायचं. वजनाला भारी, चालू केलं की गल्लीतले दिवे मंदावायचे, पण त्याची सगळी कुरबुर त्या हळू तालात. तुझं इन्व्हर्टर आधी २३० व्होल्टच्या एसीचं साधारण ३२५ व्होल्ट डीसी करतं आणि आतले आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ते डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. या वेगामुळेच आतला ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि मशीन एका हातानं उचलता येतं. पण प्रत्येक वेळी करंट झटक्यानं चालू-बंद होताना त्यातून वरच्या वरच्या फ्रिक्वेन्सी निघतात. कंपनीनं त्या अडवायला आत फिल्टर बसवलेला असतो, पत्र्याचं आवरण दिलेलं असतं. ते सगळं जागच्या जागी असेल तोवरच त्याचा उपयोग.

पैसे खर्च करण्याआधी आजार कुठला आहे ते ओळख. दादांना विनंती कर, अर्धा तास द्या म्हणावं, आपण मिळून बघू. त्यांच्या काट्यात बॅटरी असेल तर काट्याचा प्लग काढून तो बॅटरीवर चालवायला सांग आणि तू टिग पेटव. काटा शांत राहिला तर त्रास मेन लाइनच्या वायरीतून जातोय. तरीही नाचला तर तो बहुतेक हवेतून जातोय. मग एचएफ बंद करून लिफ्ट आर्कवर पेटव, म्हणजे टंगस्टन टेकवून उचल. काटा स्थिर राहिला तर गुन्हेगार एचएफ. आर्क चालू असेपर्यंत काटा हलतच राहिला तर केबल आणि जोडण्यांकडे बघ. आर्क न पेटवता नुसतं मशीन चालू केल्यावर हलत असेल तर मेन लाइन, फिल्टर आणि अर्थिंग बघायला हवं.

आणखी एक साधी युक्ती. खिशातला छोटा रेडिओ मीडियम वेव्हवर लाव, कुठलंही स्टेशन नसेल अशा जागी रेडिओचा काटा ठेव आणि दुसऱ्या कुणाला तरी वेल्डिंग करायला सांगून तू रेडिओ घेऊन फिर. केबलपासून थोडं अंतर राख. जिथे खरखर अचानक वाढेल तिथे थांब. कधी तो सैल लग निघतो, कधी लांब पसरलेली केबल, तर कधी भिंतीवरचा बोर्ड. एफएमवर मात्र हे नीट कळत नाही, त्याची रचनाच अशी खरखर गाळणारी असते. आवाज कुठे वाढला ते खडूनं जमिनीवर खूण करून ठेव. दुरुस्ती केल्यावर त्याच जागी पुन्हा ऐकलंस की फरक पडला की नाही ते तुझं तुलाच कळेल.

आता केबल. माझं म्हणणं मानणार असशील तर आजच एक काम कर. होल्डरची किंवा टॉर्चची केबल आणि परतीची केबल एकमेकींना चिकटवून टाक, थोड्या थोड्या अंतरावर टेप मार आणि जमिनीवरून ने. एकीतून जितका करंट जातो तितकाच दुसरीतून परत येतो. दोघी चिकटून असल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. एक केबल या भिंतीनं आणि दुसरी त्या भिंतीनं गेली की मधे अख्ख्या गाळ्याएवढा वेढा तयार होतो आणि तोच अँटेना बनतो. दोन्ही केबल कामाला लागतील तेवढ्याच लांब ठेव. उरलेली केबल गुंडाळून मशीनवर टांगायची सवय आपल्याकडे फार आहे. तशी गुंडाळी म्हणजे मोठी कॉइल होते. ती स्वतः तापते आणि पल्सवर काम करताना करंटचा आकारही बिघडवते. फार लांब असेल तर सरळ दोन तुकडे कर आणि कपलरनं जोडता येतील असे ठेव. वजनकाट्याची, सीसीटीव्हीची, इंटरनेटची वायर तुझ्या केबलच्या समांतर जात असेल तर ती दूर सरकव. ओलांडायचीच असेल तर आडवी, काटकोनात ओलांड.

परतीच्या केबलचा क्लॅम्प जिथे वेल्डिंग करतेस त्याच्या शक्य तितक्या जवळ लाव. गाळ्याच्या कॉलमला, टेबलाच्या पायाला, रॅकला क्लॅम्प लावून ‘लोखंड लोखंडाला मिळतंच की’ असं म्हणणारे तुला खूप भेटतील. तू ऐकू नकोस. क्लॅम्प दूर असला की करंट मधल्या प्रत्येक सांध्यातून जातो. फिरणाऱ्या भागावर काम करताना तो बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, आणि ते बेअरिंग नंतर कधीतरी का बसलं ते कुणालाच कळत नाही. चेन ब्लॉकला टांगलेल्या जॉबवर साखळीतून गेला तर साखळीच्या कड्या भाजतात, आणि त्या साखळीखाली माणूस उभा असतो.

याहून वाईट एक गोष्ट आहे, ती नीट लक्षात ठेव. क्लॅम्प निसटलेला आहे, जॉबवर ग्राइंडर पडलेला आहे आणि ग्राइंडरचं बाहेरचं लोखंड थ्री-पिनच्या अर्थ वायरला जोडलेलं आहे. अशा वेळी तो निसटलेला क्लॅम्प मशीनच्या बॉडीला किंवा अर्थ केलेल्या दुसऱ्या लोखंडाला कुठे लागलेला असला, तर शेकडो अँपिअर त्या काडीएवढ्या वायरमधून जायला बघतात. वायर आतल्या आत जळते. वरून काहीच दिसत नाही. ग्राइंडर चालूच राहतो, पण आता त्याचं संरक्षण गेलेलं असतं. पुढे कधी त्याच्या आत फेज बॉडीला लागला तर तो धरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून आर्क पेटवण्याआधी क्लॅम्प हातानं हलवून बघायचा, आणि जॉबवर दुसरं कुठलंही विजेवर चालणारं अवजार ठेवायचं नाही. हा नियम तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरालाही पहिल्याच दिवशी सांग.

तो क्लॅम्प आणि भिंतीतलं अर्थिंग ही दोन वेगळी कामं आहेत, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. क्लॅम्प करंटला परत आणतो. अर्थिंगची हिरवी वायर एरवी रिकामीच असते. मशीनची बॉडी लाइव्ह झाली तर तुला वाचवायचं एवढंच तिचं काम. दोन्ही लागतात आणि एकानं दुसऱ्याचं काम करायचं नाही. लायसन्सधारक वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा आणि वायर मीटर लावून तपासून घे, डोळ्यांनी बघून नव्हे. एचएफचा त्रास कमी करायला जॉबही अर्थ करावा, असं कुणी सुचवेल. काही ठिकाणी त्यानं फायदा होतो, पण मी आत्ताच सांगितलेला भटक्या करंटचा धोकाही वाढू शकतो. तो निर्णय जाणकारानं जागा पाहून घ्यावा, आपण अंदाजानं घेऊ नये.

आता जोडण्या. एक हिशेब सांगते, तो मनात बसव. २०० अँपिअर करंट चालू आहे आणि एका सैल लगमध्ये फक्त ०.०१ ओहम रोध आहे. त्या एवढ्याशा जागी ४०० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे आठ-दहा मोठे एलईडी बल्ब खातील तेवढी वीज एका बोल्टखाली जळते. वर २ व्होल्टही तिथेच गळतात. लग तापला की तांब्यावर काळं पुट चढतं, पुटानं रोध वाढतो, रोधानं आणखी तापतो. सैल जोडात बारीक ठिणग्याही उडत राहतात आणि त्यांचाही रेडिओवर खरखराट होतो. बघ, तापणं आणि त्रास देणं एकाच बोल्टखाली आलं. काम झाल्यावर मशीन बंद कर, प्लग काढ आणि मगच केबलवरून, लगवरून, प्लगवरून हात फिरव. जिथे बाकीच्यापेक्षा गरम लागेल तिथे रोग आहे. मशीनच्या तोंडावरचा पिळायचा प्लग पूर्ण घट्ट बसेपर्यंत फिरव, अर्धवट सोडू नकोस. लग हातोडीनं ठेचून बसवू नकोस, नीट क्रिंप करून घे. क्लॅम्पची स्प्रिंग ढिली पडली की क्लॅम्प बदल. आणि गंजावर, रंगावर क्लॅम्प लावायचा नाही, आधी ग्राइंडरनं तेवढी जागा चकचकीत कर.

केबल घेताना स्वस्ताला भुलू नकोस. ३५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची १० मीटर केबल २०० अँपिअरला साधारण १ व्होल्ट खाते. त्याच जाडीची ॲल्युमिनियमची केबल त्याच्या दीडपटीहून जास्त खाते. वरून तांब्याचा रंग आणि आत ॲल्युमिनियम अशी केबल बाजारात मिळते. टोक सोलून एक तार नखानं किंवा ब्लेडनं खरवडून बघ, आतला रंग दिसेल.

आवरणाचा पत्रा तुला कदाचित फक्त झाकण वाटत असेल. तो चार कामं करतो. तुझा हात आतल्या व्होल्टेजपासून दूर ठेवतो, धूळ अडवतो, फॅनची हवा ठरलेल्या वाटेनं नेतो आणि आतला विद्युत गोंगाट आतच ठेवतो. दुरुस्तीहून आलेल्या मशीनला कितीदा दोनच स्क्रू लावलेले दिसतात. पत्रा आणि सांगाडा यांचा धातूला धातू नीट टेकला नाही तर त्या फटीतून गोंगाट बाहेर पडतो. म्हणून प्रत्येक भोकात स्क्रू हवा. कुणी रंग मारून दिला असेल तर सांध्यावरचा रंग काढून घे. उन्हाळ्यात मशीन तापतं म्हणून बाजूचा पत्रा काढून ठेवणारे लोक आहेत. त्यानं हवेची वाट मोडते आणि आतले भाग उलट जास्त तापू शकतात.

धुळीचं बोलू. खंडेनवमीला तू मशीन पुसशील, हळदकुंकू लावशील, झेंडूचा हार घालशील. जरूर घाल. पण वर्षातून एकदाच होणारी ही साफसफाई त्याला पुरत नाही. तुझ्या गाळ्यातली धूळ म्हणजे ग्राइंडरमधून उडणारं लोखंड, आणि लोखंडातून वीज वाहते. ते फॅननं आत ओढलं, कार्डवर बसलं, वर पावसाळ्यातली दमट हवा आली की ट्रॅकवर शॉर्ट होतो आणि कार्ड जातं. म्हणून पहिला उपाय म्हणजे ग्राइंडर आणि मशीन दूर ठेव, ठिणग्या मशीनच्या दिशेला उडतील असं कधीच उभं राहू नकोस. दुसरा, मशीन जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेव. पावसात गाळ्यात पाणी शिरतं, फरशीला ओल येते, आणि उबेला पाली-झुरळं आत शिरतात. पाल दोन टर्मिनलांवर आडवी पडून मशीन गेल्याची उदाहरणं कुठलाही मेकॅनिक तुला सांगेल.

साफ करताना प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करायचा नाही. त्यानंतर मशीनच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबायचं, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भरून राहिलेले असतात आणि ते उतरायला काही मिनिटं लागतात. बाहेरच्या जाळ्या तू स्वतः साफ कर. पत्रा उघडून आतलं साफ करायचं असेल तर शिकलेल्या माणसाकडूनच करून घे, किंवा त्याच्यासमोर आधी शिकून घे, आणि मीटरनं व्होल्टेज गेल्याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालू नकोस. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोड. हवा कोरडी हवी आणि दाब कमी हवा. पिस्तूल कार्डवर टेकवून पूर्ण दाबानं मारलंस तर बारीक भाग उखडतात आणि धूळ आणखी आत घुसते. फॅनचं पातं बोटानं धरून ठेव, हवेनं भन्नाट फिरलं तर त्याचं बेअरिंग जातं. नाकाला मास्क लाव. ग्राइंडिंग जास्त असेल तर महिन्याला एकदा, कमी असेल तर तीन-चार महिन्यांनी, आणि पावसाळा सुरू होण्याआधी एकदा नक्की.

मशीनवरच्या पाटीवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते, ती वाच. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दर दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती. हा आकडा ४० अंश सेल्सियसच्या हवेसाठी धरलेला असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, आणि विदर्भ-मराठवाड्यात तर बाहेरच, पारा त्याच्या वर जातो. मग पाटीवरच्या आकड्यावर विसंबायचं नाही, विश्रांती वाढवायची. मशीन तापल्याचा पिवळा दिवा लागला की मशीन लगेच मेन स्विचवरून बंद करू नकोस, फॅन चालू राहू दे, आतली उष्णता बाहेर जाऊ दे. मागच्या आणि बाजूच्या जाळ्यांपासून भिंत हातभर दूर हवी.

टिगवाल्यांसाठी थोडं वेगळं. एचएफ जितका कमी वेळ चालेल तितका त्रास कमी, आणि आर्क पहिल्या प्रयत्नात पेटली तर एचएफ क्षणभरच चालतो. म्हणून टंगस्टनला टोक नीट कर, घासायच्या रेषा लांबीच्या दिशेनं येऊ देत, आणि जॉबला बुडलेलं, मळलेलं टोक तसंच वापरू नकोस. टॉर्चच्या केबलचं आवरण चिरलेलं किंवा ओलसर असेल तर एचएफ टंगस्टनपर्यंत पोचण्याआधीच टेबलाच्या लोखंडात गळतो. मग आर्क पेटत नाही आणि आपण बटण दाबतच राहतो. जुन्या मशीनमध्ये स्पार्क गॅप असते. तिचं अंतर कंपनीनं दिलंय तेवढंच ठेवायचं. ठिणगी जोरात यावी म्हणून अंतर वाढवलं की त्रासही वाढतो आणि आतल्या इन्सुलेशनवर ताणही येतो. आणि स्टीलच्या ज्या कामाला लिफ्ट आर्क चालते तिथे तीच वापर.

मेन लाइनकडे ये. मशीनला डीबीपासून स्वतंत्र लाइन आणि योग्य एमसीबी हवा. दादांचा काटा आणि तुझं मशीन एकाच फेजवर, एकाच वायरवर असतील तर वायरमनला विचारून वेगळं करता येतं का बघ. गुंडाळलेली लांब एक्स्टेन्शन वापरू नकोस. ती तापते, व्होल्टेज खाते आणि मशीन कमी व्होल्टेजवर ओढत राहतं. मशीनपर्यंतची पुरवठ्याची वायर लोखंडी पाइपातून नेलीस आणि तो पाइप अखंड, दोन्ही टोकांना नीट जोडलेला असला तर गोंगाट कमी पसरतो. इतकं करूनही त्रास मेन लाइनमधूनच जात असेल तर बाहेरून मेन फिल्टर बसवता येतो. तो मशीनच्या करंटला साजेसा हवा, निवड कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला विचारूनच कर. आणि पुस्तिकेत ‘क्लास ए’ लिहिलंय का ते बघ. वेल्डिंग मशीनच्या विद्युत त्रासासाठी आयईसी ६०९७४-१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात क्लास ए म्हणजे औद्योगिक जागेसाठीचं मशीन, ज्या लाइनवर घरं आहेत तिथल्यासाठी नव्हे. घराखालच्या दुकानात ते चालवायचं म्हटलं तर तक्रारी येणारच.

आता तुझ्या अंगाचं. कामाच्या घाईत केबल खांद्यावर टाकू नकोस, कमरेभोवती तर मुळीच गुंडाळू नकोस. दोन केबलच्या मधे उभी राहू नकोस, दोन्ही एकाच बाजूला असू देत. चालू मशीनवर रेलून काम करू नकोस. पेसमेकर बसवलेलं कुणी गाळ्यात येणार असेल तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायला हवं. दारावर ठळक मराठीत तशी पाटी लाव. कुणाला पेसमेकर आहे ते वरून ओळखू येत नाही, आणि बरीच माणसं विचारल्याशिवाय सांगतही नाहीत. घामानं भिजलेले हातमोजे बदल. रॉडच्या मशीनला आर्क नसतानाही बहुधा ६० ते ८० व्होल्ट असतात, आणि ओल्या अंगाला ते पुरेसे धोक्याचे आहेत.

बाहेरच्या कामाला गेलीस तर आधी विचारायची सवय लाव. ऊसतोडणीच्या आधी ट्रॉल्यांची कामं येतात. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवून घे. ट्रकवर किंवा नव्या ट्रॅक्टरवरच वेल्डिंग असेल तर बॅटरीच्या केबल काढायच्या, त्यात कंट्रोल युनिट असेल तर कंपनी सांगते तसं तेही सोडवायचं, आणि क्लॅम्प जोडाच्या शेजारीच लावायचा. दवाखान्याची ग्रील असेल तर आत कुठली यंत्रं चालू आहेत, कुठल्या वेळी बंद ठेवता येतील, हे तिथल्या जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय टिग पेटवायची नाही.

आणि दादांशी बोल, अगं. काय काय तपासलंस ते त्यांना दाखव, केबल कशा बांधल्यास ते दाखव. त्यांची वजनं साधारण कुठल्या वेळी होतात ते विचार आणि एचएफचं काम त्या वेळेबाहेर ठेव. तेवढ्यानं बहुतेक भांडणं मिटतात, आणि उरलेल्याला फिल्टर आहेच. शेजाऱ्याला त्रास होऊ न देणं हा कारागिराच्या हुन्नराचाच भाग आहे, असं मी मनापासून मानते. वेल्ड किती सुबक आहे ते गिऱ्हाईक बघतं, पण गाळा किती जबाबदारीनं चालतो ते आजूबाजूचे बघतात, आणि पुढची कामं त्यांच्याच तोंडून येतात.

एक जाड वही घे. तारीख, काय साफ केलं, कुठला लग बदलला, अर्थिंग कधी तपासलं, कुणी काय तक्रार केली आणि काय केल्यावर ती गेली, सगळं लिही. सर्व्हिसवाला येईल तेव्हा हीच वही त्याच्यापुढे ठेव, म्हणजे त्याला अंदाजानं भाग बदलावे लागणार नाहीत. इन्सुलेशनची मेगर चाचणी वगैरे त्याच्याकडूनच करून घे. चुकीच्या जागी मेगर लावला तर इन्व्हर्टरचं कार्डच जातं. वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाल आणि त्याखाली लिही: दोन्ही केबल एकत्र बांधल्या, क्लॅम्पची जागा घासली, पत्र्याचे सगळे स्क्रू लावले. संध्याकाळपर्यंत होण्याजोगं काम आहे हे. झालं की मला फोन कर, मग काटा काय म्हणतो ते आपण दोघी मिळून बघू.